शिबिरातलं 'पॉझिटिव्ह' म्हणजे नेमकं काय?

नागपूरच्या उत्तर भागातल्या एखाद्या वस्तीत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीचं शिबिर झालं की दोन दिवसांत कुजबुज सुरू होते, "त्यांची पोरगी पॉझिटिव्ह निघाली म्हणे." हा शब्द एचआयव्हीच्या काळापासून बदनाम आहे. प्रत्यक्षात मुलीला आजार आहे, असं त्या चाचणीनं सांगितलेलंच नसतं.

शिबिरातली ही सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणी दिसायला अगदी साधी. काचेच्या नळीत 2 मिली द्रावण असतं. त्यात भरपूर फॉस्फेट, तांबड्या पेशी फोडायला सॅपोनिन आणि ऑक्सिजन काढून घ्यायला सोडियम डायथायोनाइट. बोटातून घेतलेलं 20 मायक्रोलीटर रक्त त्यात मिसळून पाच मिनिटं थांबायचं. सिकल हिमोग्लोबिनच्या (एस) बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. व्हॅलिनचं पाण्याशी पटत नाही. ऑक्सिजन गेला की ते शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं, रेणूला रेणू चिकटून लांब दोर वळले जातात आणि द्रावण गढूळतं. नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की निकाल पॉझिटिव्ह.

गढूळपणाचा अर्थ एवढाच की एस हिमोग्लोबिन आहे. एका पालकाकडून आलेलं (एएस, म्हणजे वाहक) की दोघांकडून (एसएस, म्हणजे रुग्ण), हे नळी सांगू शकत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्यानं) किंवा एचपीएलसी (यंत्रावर) ही तपासणी लागते. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये सामू 8.6 च्या आसपास एसवर ऋणभार कमी असल्यानं ते नेहमीच्या, म्हणजे 'ए' हिमोग्लोबिनच्या मागे रेंगाळतं. वाहकाच्या नमुन्यात ए आणि एस असे दोन पट्टे दिसतात, रुग्णाच्या नमुन्यात 'ए'चा पट्टा नसतोच. वाहक बाईला सहसा काही त्रास होत नाही.

उलटी चूकही होते. हिमोग्लोबिन 7 ग्रॅमच्या खाली असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर एस असूनही रेघा स्पष्ट दिसतात. डायथायोनाइट हवा लागून निकामी झालं तरी तेच. म्हणून प्रत्येक खेपेला माहितीचा एक एएस नमुना सोबत चालवायचा. रक्तक्षय बायकांमध्ये जास्त, तेव्हा खोट्या निगेटिव्हचा धोकाही त्यांनाच जास्त.

आता संमतीपत्र. शिबिर संशोधनासाठी असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाचता न येणाऱ्या बाईच्या अंगठ्याच्या वेळी निःपक्षपाती साक्षीदार हवा. मुलीच्या बाबतीत पालकांची संमती तर हवीच, शिवाय तिचा स्वतःचा होकारही हवा, सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी आणि पुढे अठरापर्यंत लेखी. पण खरी कसोटी एका प्रश्नात आहे: "पॉझिटिव्ह आलं तर त्याचा अर्थ काय, ताई, तुमच्या शब्दांत सांगा." उत्तर "बिमारी हाय" असं आलं तर अंगठा घ्यायचा नाही, पुन्हा समजवायचं.

दुसरा प्रश्न, निकाल कोणाला सांगायचा? फॉर्मवरचा मोबाइल नंबर बहुधा नवऱ्याचा असतो. मेसेज गेला की गुपित संपलं. अहवाल बंद पाकिटात, तिच्याच हातात द्यावा. संपूर्ण कुटुंबाचे निकाल एका कागदावर तर कधीच छापू नयेत. मूल एएस आणि आईवडील दोघंही एए (म्हणजे एस नसलेले) निघाले, तर तो कागद पितृत्वाचा प्रश्न उघड्यावर आणतो.

या गोष्टी संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिशास्त्र समितीपेक्षा बचत गटातल्या बायकांना आधी सुचतात. त्यामुळे फॉर्मचा मसुदा छपाईआधी त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचावा. 'पॉझिटिव्ह'ऐवजी 'पुढची तपासणी हवी' चालेल का, शिबिर धुणीभांडी आटोपल्यावर दुपारी ठेवायचं का, हे त्यांनाच विचारावं.

आणि लग्नाआधी सिकलसेल तपासा असं सांगणारं ते 'कुंडली नको, रक्त जुळवा' हे घोषवाक्य! पत्रिकेतल्या मंगळाची जागा एएसनं घेतली, एवढाच फरक. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता चारात एक असते, आणि त्यात अर्धा वाटा बापाचा. तरी लग्न मोडतं ते मुलीचंच.

राहिला शिबिराच्या निकालांवरचा शोधनिबंध. जातीच्या नावापुढे टक्केवारी छापली की तपासणीला न आलेल्या मुलींवरही शिक्का बसतो. ते कोष्टक प्रसिद्धीआधी वस्तीत दाखवावं. वस्ती नको म्हणाली तर जातीचा रकाना काढूनही लेख उभा राहतो.