24 तासांच्या बाटलीमागे: थंड-गरम बाटल्यांच्या तुलनेची पार्श्वभूमी

मार्च लागला की नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांपुढे स्टीलच्या रंगीत बाटल्यांची रांग लागते. बहुतेकींवर दावा एकच, 24 तास थंड. किमतीत मात्र तिप्पट-चौपट फरक. गिऱ्हाईक दोन बाटल्या दोन हातांत तोलून बघते, दुकानदार "दोन्ही चांगल्याच आहेत" म्हणतो आणि शेवटी सौदा रंगावर होतो. बाटली पाणी किती वेळ थंड ठेवते आणि ती किती वर्षे टिकते, या दोन साध्या प्रश्नांना बाजारात सरळ उत्तर मिळत नाही. हे असे का झाले, ते मागे जाऊन पाहावे लागते.

फार मागे जायची गरज नाही. दुहेरी भिंतीच्या भांड्यातली हवा काढून घेतली तर उष्णतेचा प्रवास जवळजवळ थांबतो, हे 1892 मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत एका स्कॉटिश शास्त्रज्ञाने दाखवले. त्याला अतिथंड द्रव साठवायचे होते, चहा नव्हे. त्याने पेटंट घेतले नाही. 1904 मध्ये जर्मनीत कारखानदारांनी त्याच भांड्याची घरगुती वस्तू केली, तेव्हा तो कोर्टात गेला आणि हरला. अमेरिकेत 1913 मध्ये काचेऐवजी पूर्ण स्टीलची बाटली आली. जपानने 1978 मध्ये आजच्या धाटणीची, हलकी, उच्च निर्वाताची, म्हणजे भिंतींमधली हवा जवळजवळ पूर्ण काढलेली स्टीलची बाटली बाजारात आणली. आज बॅगेच्या कडेच्या खिशात असते ती हिचीच वंशज.

आपल्याकडे प्रवासात पाणी न्यायचे ते फिरकीच्या तांब्यातून. नाशिकच्या तांबटांनी असे तांबे पिढ्यानपिढ्या घडवले. त्यात पाणी सांडत नसे, पण थंडही राहत नसे. थंड ठेवायचे काम छागल, म्हणजे पाण्याची कापडी पिशवी, करी. जाड कापडातून पाणी झिरपे, वाऱ्याने वाळे आणि आतले पाणी गार होई. देवळालीच्या छावणीमुळे ओळखीच्या झालेल्या फौजी बाटलीचे लोकरी आवरणही भिजवून ठेवत, ते याच कारणाने. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ही युक्ती उत्तम चाले, जुलैच्या दमट हवेत अजिबात नाही. माठाचेही तेच. निर्वात बाटलीला मात्र बाहेरची हवा कोरडी आहे की दमट, याच्याशी घेणे-देणे नसते.

मग आला काचेचा थर्मास, आणि तो घरात बराच काळ राहिला. रंगीत पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे कवच, आत चकाकती काच, वर बूच आणि त्यावर कपाचे झाकण. बाळंतिणीचे गरम पाणी, तान्ह्या बाळाचे रात्रीचे पाणी, दवाखान्यात सोबतीला बसलेल्याचा चहा. रोजच्या वापराची नव्हे, प्रसंगाची वस्तू. आतली काच सुटी मिळे, तिला 'रिफिल' म्हणत. ही रिफिल हातात घेतलेल्यांना तिच्या बुडाचे बारीक टोक आठवत असेल. हवा ओढून घेतल्यावर काच वितळवून जिथे बंद केली, ती ही जागा. काच कुठे तडकली नाही, फक्त हे टोक मोडले, तरी निर्वात संपला. थर्मास पडला की उचलून कानाशी हलवायचा, खळखळ आली की बाजारात जाऊन नवी रिफिल घ्यायची. म्हणजे टिकाऊपणाचा निकाल एका क्षणात लागे, त्यात वाद नव्हता. तापमान राखण्याबाबतही काच काही कमी नव्हती. काचेतून उष्णता स्टीलच्या मानाने फारच कमी वाहते, आणि चांदीचा मुलामा किरणांवाटे जाणारी उष्णता परतवतो. जुन्या चांगल्या थर्मासपुढे आजची स्वस्त स्टीलची बाटली हरू शकते. स्टील जिंकले ते न फुटण्यावर.

आणि नेमके इथे तुलना अवघड झाली. काच फुटली की कळे, स्टीलची बाटली मात्र आतून 'मरते' आणि बाहेरून तशीच दिसते. आतली आणि बाहेरची भिंत फक्त तोंडाशी जोडलेली असते. मधली पोकळी टिकवायला आत एक छोटी रासायनिक गोळी बसवतात, ती भिंतींतून सुटणारा वायू शोषून घेते. बाटली बुडाच्या कडेवर आपटली आणि जोडाला केसाएवढी चीर गेली, की हवा शिरते. किंवा पोचा खोल जाऊन बाहेरची भिंत आतल्या भिंतीला टेकते. दोन्हींत परिणाम एकच: गरम पाणी भरल्यावर बाहेरून ऊब लागते आणि पावसाळ्यात थंड पाणी भरले की बाटलीला घाम फुटतो. घाम आलेली बाटली म्हणजे निर्वात गेलेली बाटली. किंवा मुळात नसलेली.

मुळात नसलेली, कारण 'इन्सुलेटेड' हे लेबल दोन वेगळ्या जातींवर लागते. एकीत दोन स्टीलच्या भिंतींत निर्वात असते. दुसरीत बाहेर प्लास्टिक, आत स्टील किंवा प्लास्टिक आणि मध्ये फोम. शाळेच्या दप्तरात वर्षानुवर्षे जाणारी ती ही दुसरी. फोममध्ये हवेचे बुडबुडे अडकलेले असल्याने तो उष्णता अडवतो, पण निर्वाताची बरोबरी त्याला करता येत नाही. शाळा सुटेपर्यंत पाणी गार राहावे एवढ्यासाठी फोम पुरतो, आणि ती स्वस्त व हलकीही पडते. वाईट वस्तू नाही ती. पण दोन्ही एकाच फळीवर, एकाच शब्दाखाली मांडल्या की गिऱ्हाईक दोन वेगळ्या वस्तूंची किंमत ताडून बघत बसते.

या गोंधळावर 2023 मध्ये सरकारी उतारा आला, आणि तिथून पुढचा वाद अजून मिटलेला नाही. केंद्राने घरगुती इन्सुलेटेड फ्लास्क, बाटल्या आणि डब्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. स्टीलच्या निर्वात बाटलीसाठी आयएस 17526, इतर इन्सुलेटेड फ्लास्कसाठी आयएस 17790. त्याच वर्षी तांबे, स्टील आणि अॅल्युमिनियमच्या साध्या पाण्याच्या बाटल्यांनाही आयएस 17803 खाली आणले. लहान आणि सूक्ष्म उद्योगांना जादा मुदत मिळाली. कागदावर हेतू सरळ होता: निकृष्ट माल थांबवायचा आणि उत्पादन देशात आणायचे.

तोवर भारतात विकल्या जाणाऱ्या स्टीलच्या निर्वात बाटल्यांतला मोठा हिस्सा चीनमधून येई, मोठ्या भारतीय नावांखाली विकला जाणाराही. चिन्ह हवे तर परदेशी कारखान्याचीही तपासणी होऊन परवाना मिळायला हवा. तो सहज मिळण्याची चिन्हे नव्हती. परिणाम असा की आयात आटली, मोठ्या कंपन्यांनी देशात कारखाने उभे करायला घेतले, आणि मधल्या काळात दुकानदाराकडे निवड कमी आणि भाव चढे. समर्थक म्हणतात, हे होणारच होते, आणि निर्वात बाटली बनवण्याची कला देशात यायची तर असा धक्का लागतोच. त्यात तथ्य आहे. भिंती पातळ ओढणे, निर्वात भट्टीत जोड बंद करणे, त्यानंतर प्रत्येक बाटली तपासून गळकी बाजूला काढणे, हे काम शिकल्याशिवाय येत नाही.

पण तांब्याच्या बाटलीचे काय? ती ना इन्सुलेटेड, ना आयातीच्या लोंढ्यातली. हातोडीने भांडे घडवणाऱ्याला चाचणीची सोय, परवान्याचे शुल्क आणि कागदपत्रांचा ससेमिरा हे सगळे मोठ्या कारखान्याच्याच मापाने लागू करणे कितपत शहाणपणाचे होते, हा प्रश्न भांडी बाजारात विचारला जातो, आणि मला तो रास्त वाटतो. सहा महिन्यांच्या जादा मुदतीने तो सुटत नाही, फक्त पुढे जातो.

त्याहून मोठी गोष्ट अशी की चिन्ह आले तरी तुलनेचा आकडा काही गिऱ्हाइकाच्या हाती आला नाही. आयएसआय म्हणजे किमान पायरी ओलांडली, एवढेच. दोन आयएसआय बाटल्यांत सरस कोणती, हे चिन्ह सांगत नाही. आणि लोक मात्र चिन्ह बघून '24 तास'वर अधिकच विश्वास ठेवू लागले.

जपानी बाटलीच्या खोक्यावर तास नसतात, अंश असतात. 95 अंशांचे पाणी भरून, 20 अंशांच्या खोलीत 6 तास ठेवल्यावर किती अंश उरले, ते छापलेले असते. थंडासाठी 4 अंशांपासून सुरुवात. युरोपातली चाचणीही साधारण त्याच आकड्यांवर चालते. ही पद्धत प्रामाणिक आहे. फक्त 20 अंशांची खोली नाशिकला डिसेंबरच्या दुपारी न मिळाली तर एप्रिलमध्ये कुठून मिळणार?

हिशेब करून पाहू. समजा एका बाटलीत 95 अंशांचे पाणी 20 अंशांच्या खोलीत 6 तासांनी 65 वर आले. म्हणजे 75 अंशांचा फरक 45 वर आला, साठ टक्के उरला. उष्णता फरकाच्या प्रमाणात वाहते, म्हणून तीच बाटली तिथेच 4 अंशांचे पाणी 6 तासांनी साधारण 10 अंशांवर ठेवेल. आता ती चैत्रात सप्तशृंगगडाच्या वाटेवर चालणाऱ्या भाविकाच्या पिशवीत टाका, बाहेर 40 अंश. फरक 16 वरून 36 वर गेला. तेच पाणी 6 तासांनी 18 अंशांच्या पुढे जाते. बाटली तीच, दावा तोच. गरम पाण्याची गोष्ट उलटी: 40 अंशांत ते 73 वर राहील, आणि निफाडला पारा 5 वर आलेल्या पहाटे, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणाऱ्याच्या चहाला 59 च उरतील. एकाच जिल्ह्यात एकाच बाटलीचे इतके वेगळे निकाल लागतात, म्हणून "माझी तर मस्त चालते" आणि "माझी बोगस निघाली" ही दोन्ही मते खरी असू शकतात.

बर्फ घातला की सगळे गणितच बदलते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला एक कॅलरी लागते, एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायलाच 80. लिटरच्या बाटलीत 200 ग्रॅम बर्फ म्हणजे 16,000 कॅलरी गिळण्याची सोय, जेवढ्या उष्णतेने लिटरभर पाणी 16 अंशांनी तापले असते. '24 तास थंड' हा दावा बऱ्याचदा या बर्फाच्या जोरावर उभा असतो. घरी ताडून बघायचे तर दोन्ही बाटल्या एकाच मापाच्या घ्याव्यात, कारण मोठी बाटली पाण्याच्या मानाने कमी पृष्ठभागातून उष्णता गमावते. दोन्ही काठोकाठ भराव्यात, बर्फ न घालता, आणि 6 तास झाकण उघडू नये. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्याने पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते; ओतेपर्यंत 95 होते, म्हणजे जपानी चाचणीची सुरुवात आयतीच मिळते.

निम्मी उष्णता भिंतीतून जाते असे वाटते, पण चांगल्या निर्वात बाटलीत भिंतीतून फारच थोडी जाते. बाकीची वाट झाकण आणि तोंडाची. रुंद तोंडाची बाटली धुवायला सोपी, बर्फ घालायला सोयीची, आणि तापमान राखण्यात एक पाऊल मागे. नळीच्या आणि सिपरच्या झाकणांचा त्याहून मोठा तोटा.

टिकाऊपणाबाबत बाजारात लोहचुंबकाची चाचणी चालते: चिकटला तर भेसळ, नाही चिकटला तर अस्सल 304. ही चाचणी दोन्ही बाजूंनी फसवते. 304 म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेलचे स्टील. ते ओढून-दाबून आकार देताना थोडे चुंबकीय होऊ शकते. उलट 201 जातीचे, निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असलेले स्वस्त स्टीलही चुंबकाला तसेच दाद देत नाही. त्यांतला फरक कळतो तो खारट, आंबट पदार्थांनी. लिंबू-मिठाचे सरबत किंवा ताक बाटलीत रात्रभर राहिले तर 201 वर तांबूस ठिपके लवकर दिसतात. 304 जास्त टिकते, पण मिठापुढे तेही अमर नाही.

प्रत्यक्षात रोज हाताळल्या जाणाऱ्या बाटलीत आधी जाते ते झाकणाचे रबर. ते सैल झाले, काळे पडले, की बाटली गळते आणि गारवाही जातो, भिंतीतला निर्वात शाबूत असूनही. काचेच्या थर्मासची रिफिल गल्लीच्या दुकानात मिळे. या बाटल्यांचे सुटे रबर मागितले तर बहुतेक ठिकाणी नवी बाटलीच पुढे केली जाते. सक्तीच्या चिन्हानेही यात काही बदललेले नाही. 2027 च्या सिंहस्थासाठी माल भरायला घेतलेल्या दुकानांत पेट्या बाटल्यांच्याच येत आहेत, झाकणांच्या आणि रबरांच्या नाहीत.