बिट लेंग्थ की बिट काउंट? २५५ वर तपासाल तर फसाल

एखादा पूर्णांक साठवायला किती बिट लागतील हे पायथनमध्ये शोधायला गेलं, की दोन नावं शेजारीशेजारी भेटतात: बिट लेंग्थ आणि बिट काउंट. काउंट म्हणजे मोजणी, आपल्यालाही बिटच मोजायचे आहेत, म्हणून हात आपसूक दुसऱ्याकडे वळतो. गोची तिथेच होते.

४० घ्या. बायनरीत तो १०१०००. डावीकडच्या पहिल्या १ पासून उजव्या टोकापर्यंत सहा घरं, म्हणून बिट लेंग्थ ६. बिट काउंट त्या सहा घरांत १ किती एवढंच सांगतो: २. दोन बिटांत जास्तीत जास्त ३ मावतो, तिथे ४० कुठून बसणार!

ही चूक पटकन उघडी पडत नाही, हे जास्त वाईट. १, ३, ७, १५, २५५ या आकड्यांत प्रत्येक घरात १ च असतो, त्यामुळे दोन्ही उत्तरं सारखीच येतात. आणि चाचणी लिहिताना नेमका २५५ च आधी आठवतो. दोन्हीकडून ८ येतात, चाचणी पास. २५६ देऊन पाहा: लेंग्थ ९, काउंट १.

बिट लेंग्थ पायथन ३ मध्ये ३.१ पासून आहे, बिट काउंट आला ३.१० मध्ये. (आवृत्त्यांचे आकडेही गोंधळ घालायलाच ठेवल्यासारखे.) त्याआधी लोक आकड्याची बायनरी स्ट्रिंग करून तिच्यातले १ मोजत.

लेंग्थऐवजी लॉग वापरू नका. पायथनमध्ये २ चा ६४ वा घात वजा १ या आकड्याचा दोन पायाचा लॉग काढताना आकडा आधी फ्लोट (मर्यादित अचूकतेचा दशांश आकडा) होतो आणि वर सरकतो. लेंग्थ म्हणजे लॉगचा पूर्णांक भाग अधिक १; इथे लॉग येतो नेमका ६४, त्यात तो १ मिळवला की ६५. खरं उत्तर ६४. शून्यावर तर लॉग थेट एरर देतो. लेंग्थ निमूट ० देते.

काउंटचा उपयोग वेगळाच. दोन आकडे किती बिटांत वेगळे आहेत हे पाहायचं तर त्यांचा एक्सॉर (जिथे बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) घेऊन काउंट काढायचा. १२ आणि १० चा एक्सॉर ६, म्हणजे ११०. फरक दोन बिटांचा. यालाच हॅमिंग अंतर म्हणतात. नावं मला गो भाषेतली आवडतात: लेन आणि वन्सकाउंट. कोण काय मोजतं ते नावातच कळतं.

ऋण आकड्यांत मात्र जपून. पायथन दोन्ही वेळा चिन्ह सोडून देतो, म्हणून उणे ५ ची लेंग्थ ३ आणि काउंट २, अगदी ५ सारखंच. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये, म्हणजे संगणक ऋण आकडे ज्या नेहमीच्या रूपात ठेवतो त्यात, साठवायचा तर उणे ५ ला चार बिट लागतात. जावाचा इंटिजर बिट काउंट ३२ बिटांचं ते रूपच मोजतो, आणि त्याच उणे ५ ला ३१ उत्तर देतो.