ब्रेस्ट कॅन्सर : गाठीचे मार्कर आणि जगण्याचं प्रमाण

ट्यूमर मार्कर म्हटलं की बहुतेकांना रक्ताची तपासणी आठवते, पण ब्रेस्ट कॅन्सरमध्ये ज्यांच्यावरून पुढचं बरंचसं ठरतं ते मार्कर गाठीच्या पेशींमध्येच बघतात. मुख्य तीन आहेत, इस्ट्रोजेन रिसेप्टर म्हणजे ईआर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर म्हणजे पीआर (रिसेप्टर म्हणजे ते हार्मोन पकडणारं पेशीतलं प्रोटीन) आणि हर-टू नावाचं प्रोटीन. बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवून त्याचे पातळ काप काढतात, त्यावर अँटिबॉडी लावून रंग आणतात (याला आयएचसी म्हणतात) आणि किती पेशी रंगल्या ते पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतो. १ टक्का पेशींच्या केंद्रकात रंग दिसला तरी ईआर पॉझिटिव्ह, पण १ ते १० टक्केच असेल तर २०२० पासून 'लो पॉझिटिव्ह' लिहायचं ठरलंय, कारण अशा बऱ्याच गाठी निगेटिव्हसारख्याच वागतात. हर-टूला ० पासून ३+ पर्यंत मार्क असतात, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह आणि २+ म्हणजे काठावरचं, मग फिश टेस्ट करून जीनच्या प्रती मोजाव्या लागतात.

१०० पेशंटमध्ये साधारण ७० ते ८० जणी ईआर पॉझिटिव्ह, १५ ते २० हर-टू पॉझिटिव्ह आणि १० ते १५ ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे तिन्ही नसलेल्या. बेरीज १०० च्या वर जाते कारण काही जणींमध्ये ईआर आणि हर-टू दोन्ही असतात.

अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदणीच्या आकड्यांत ५ वर्षांचं जगण्याचं प्रमाण (म्हणजे त्याच वयाच्या इतर बायकांच्या तुलनेत) हार्मोन पॉझिटिव्ह (ईआर किंवा पीआर असलेल्या), हर-टू निगेटिव्हमध्ये सुमारे ९५ टक्के, दोन्ही पॉझिटिव्हमध्ये ९० च्या आसपास, फक्त हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ८५ च्या आसपास आणि ट्रिपल निगेटिव्हमध्ये ७८ च्या जवळपास. हे वाचून ट्रिपल निगेटिव्ह पेशंट घाबरते, पण यात सगळ्या स्टेज एकत्र आहेत हे विसरून चालत नाही, गाठ स्तनापुरतीच असताना सापडली तर याच प्रकारात आकडा ९० च्या वर आहे.

आणि ५ वर्षांचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. ट्रिपल निगेटिव्हचा धोका पहिल्या ३ वर्षांत सगळ्यात जास्त असतो, ५ वर्षं नीट गेली की तो खूप खाली येतो. ईआर पॉझिटिव्हचं उलट, सुरुवातीला शांत पण वर्षानुवर्षं हळूहळू चालूच. २०१७ मध्ये ८८ ट्रायल एकत्र करून केलेल्या अभ्यासात ५ वर्षं हार्मोन रोखणारी गोळी घेतलेल्या ईआर पॉझिटिव्ह आणि तोवर रोग परत न आलेल्या बायका बघितल्या, तर पुढच्या १५ वर्षांत गाठ २ सेंमीच्या आतली आणि काखेतल्या ग्रंथी साफ असलेल्यांमध्येही १३ टक्के जणींना दूरच्या अवयवात कॅन्सर उलटला, आणि गाठ मोठी व ४ ते ९ ग्रंथी बाधित असतील तर ४१ टक्के. म्हणून 'चांगला' मार्कर हा शब्द जपूनच वापरावा.

शिवाय मार्करच्या स्टेटसचा, म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह याचा, अर्थ औषधांनी बदलतो. हार्मोन आणि ब्रेस्ट कॅन्सरचं नातं रिसेप्टर सापडायच्या खूप आधी, १८९६ मध्ये जॉर्ज बीटसन या सर्जननी अंडाशय काढून दाखवलं होतं. नंतर इस्ट्रोजेनला रोखणारं टॅमॉक्सिफेन आलं, ईआर पॉझिटिव्ह बायकांनी ते ५ वर्षं घेतलं तर १५ वर्षांतले ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, ईआर निगेटिव्हमध्ये मात्र त्याचा उपयोग नाही. हर-टूची गोष्ट तर सगळ्यात भारी. १९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हर-टू जीनच्या प्रती वाढलेल्या असतील तर कॅन्सर लवकर उलटतो आणि आयुष्य कमी होतं, म्हणजे तेव्हा ही वाईटच बातमी. १९९८ मध्ये हर-टूवर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, नंतर ऑपरेशननंतरच्या केमोला ते जोडल्यावर १० वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ७५ वरून ८४ टक्क्यांवर गेलं. २०२२ पासून तर हर-टू १+ किंवा फिश निगेटिव्ह २+ अशा 'हर-टू लो' पेशंटनाही, रोग पसरलेला असेल तर, ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकानचा (ट्रास्टुझुमॅबला केमोचं औषध जोडून केलेलं) फायदा मिळतो, म्हणजे कालपर्यंत नुसतं निगेटिव्ह म्हणून सोडून दिलेला मार्क आता कामाचा झाला.

स्टेटस कायम तेच राहतं असंही नाही. कॅन्सर उलटला तर नव्या ठिकाणची गाठ जुन्यापेक्षा वेगळी निघू शकते, म्हणून शक्य असेल तिथे परत बायोप्सी करतात, जुन्या रिपोर्टवर औषध चालू ठेवत नाहीत.

राहिले रक्तात मोजायचे मार्कर, सीए १५-३ आणि सीईए. पसरलेल्या कॅन्सरमध्ये उपचार लागू पडतायत का हे बघायला ते स्कॅनच्या जोडीला चालतात, पण लिव्हरच्या साध्या आजारातही सीए १५-३ वाढू शकतं आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ते बऱ्याचदा नॉर्मलच येतं, त्यामुळे निदानासाठी किंवा त्रास नसलेल्या बाईचं दर काही महिन्यांनी करत राहण्यासाठी त्याची शिफारस नाही.