शीक, आणि नोकरी धर : बडोदेकर बापांच्या उपदेशाची पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांत वडिलांकडून मुलाला मिळणारा उपदेश साधारण एकाच वळणाचा असायचा. शीक. सरकारी नोकरी धर. कर्ज काढू नकोस. कागद जपून ठेव. गुजराती नीट लिहायला शीक. आणि हे बाबा स्वतः क्वचितच सांगत. बहुतेक वेळा ते आईच्या तोंडून, जेवायला वाढताना, 'हे म्हणत होते' अशा सुरुवातीने कानावर यायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, हे पार गायकवाडी राज्याचा पाया घालणाऱ्या पिलाजीरावांच्या काळापासून चालत आलंय. तसं ते नाही. यातलं बरंचसं महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या अमदानीतलं आहे आणि त्याचा उगम घरापेक्षा कचेरीत जास्त सापडतो.

1734 पासून बडोदे गायकवाडांकडे आलं आणि त्यांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, भिक्षुक, आचारी अशी माणसं देशावरून नि कोकणातून येत राहिली. तेव्हा पोटापाण्याचा सल्ला द्यायची बापाला गरज नव्हती. शिलेदाराचा मुलगा घोड्यावर बसे, कारकुनाचा मुलगा मोडी गिरवून फडावर बसे, भटजींचा मुलगा संथा घेई. धंदा आयताच ठरलेला असला की उपदेशाला उरतं ते वागणुकीपुरतं : थोरामोठ्यांना नमस्कार, खाल्ल्या मिठाला जागणं.

हे बदलायला सुरुवात झाली 1875 मध्ये. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव दत्तक घेतला. हेच पुढचे सयाजीराव. वय वर्षं 12, शाळेचा गंध नाही. जन्मदात्याची शिकवण कवळाण्यातच राहिली. इथे ती जागा घेतली शिक्षक एलियट आणि दिवाण सर टी. माधवराव यांनी; राज्य कसं चालवावं यावर माधवरावांनी या मुलाला रीतसर व्याख्यानं दिली. 1881 च्या अखेरीस अधिकार हाती आल्यावर सयाजीरावांनी स्वतः घेतलेला धडा प्रजेला द्यायचं ठरवलं, तोही कायदा करून.

1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू झालं, 1906 मध्ये ते सगळ्या राज्याला लागू झालं. मूल शाळेत धाडलं नाही तर दंड बापाला. म्हणजे 'शीक' हे बापाने मुलाला सांगण्याआधी राजाने बापाला सांगितलं होतं, आणि फुकट नव्हे. सगळेच बाप ऐकत होते असंही नाही. 1904 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचा दंड मुकाट्याने भरून लग्नं उरकणारे पुष्कळ निघाले. शाळेचं मात्र पांढरपेशा मराठी घरांना लगेच पटलं, कारण कोठीतली, म्हणजे संस्थानच्या मुख्य कचेरीतली, नोकरी आता घराण्यावर कमी आणि शिक्षणावर जास्त मिळू लागली होती. बडोदा कॉलेज होतं. हाताला कला असलेल्यांसाठी 1890 मध्ये निघालेलं कलाभवन होतं. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आणि पोरगं नुसतं पुस्तकी निघू नये म्हणून संध्याकाळी त्याला जुम्मादादांच्या आखाड्यात, प्रोफेसर माणिकरावांकडे पिटाळणारेही बाप होते.

'कागद जपून ठेव' याचीही गोष्ट तीच. सयाजीरावांचा कारभार हुकमांवर आणि छापील नियमांवर चाले. बढती, रजा, पेन्शन, सगळं लेखी. साहजिकच घरोघरी पत्र्याची पेटी आली आणि पेटीत कापडी रुमालात बांधलेली दप्तरं : नेमणुकीचा हुकूम, पगारवाढीची पत्रं, घराचा दस्तऐवज, वर डांबराच्या गोळ्या. 1908 मध्ये बँक ऑफ बरोडा निघाली, आणि सराफाकडे पैसा ठेवणाऱ्या घरांत हळूहळू पासबुकही त्याच पेटीत जाऊन बसलं. माझ्या मते बडोदेकर मराठी माणसाचा जपून चालण्याचा स्वभाव या पेटीत घडला. तो स्वभाव फार कौतुकाचा आहे असं मला वाटत नाही; धंद्यात पडलेले मराठी हात इथे फार थोडे, त्याचं एक कारण तिथेच आहे.

पण बडोद्याची नोकरी सगळ्यांना सारखी नव्हती, आणि एका बापाने ते आधीच ओळखलं होतं. सुभेदार रामजी सकपाळ मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहत. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून ते रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना, म्हणजे पुढच्या डॉ. आंबेडकरांना, उठवून त्यांच्या जागी स्वतः आडवे होत. सयाजीरावांच्या महिना 25 रुपयांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव बी.ए. झाले आणि जानेवारी 1913 मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. रामजींना हे पसंत नव्हतं, असं चरित्रकार सांगतात. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला भीमराव सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. 2 फेब्रुवारीला रामजी गेले.

त्याच वर्षी बडोद्याने भीमरावांना अमेरिकेला पाठवलं, महिना साडेअकरा पौंडांवर तीन वर्षांसाठी. अट अशी की परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. 1917 मध्ये ते आले. कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत. शहरात अस्पृश्य म्हणून भाड्याने खोली मिळेना, म्हणून एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत, आजच्या सयाजीबागेत, बसून होते. शिष्यवृत्ती देणारं राज्य आणि खोली नाकारणारं शहर एकच होतं. 'सरकारी नोकरी धर' हे वाक्य आमच्या घरांत ज्या खात्रीने बोललं जायचं, ती खात्री कोणाच्या वाट्याला आली होती हे या प्रसंगावरून कळतं.

1 मे 1949 ला बडोदे मुंबई राज्यात विलीन झालं. 1960 मध्ये गुजरात वेगळं झाल्यावर मराठी घरं राज्यकर्त्यांच्या बाजूची राहिली नाहीत, भाषेने अल्पसंख्य झाली. सयाजीरावांनी राज्याचा कारभार मुख्यत्वे गुजरातीत आणला होताच, त्यामुळे गुजरातीचा आग्रह नवा नव्हता; पण आता त्यात काळजी आली. त्याच दशकात बडोद्याजवळ कोयलीची रिफायनरी उभी राहिली, विद्यापीठ होतंच, आणि 'सरकारी' या शब्दात महामंडळं, कंपन्या, बँका सगळं मावू लागलं. नोकरी बदलली, पेटी बदलली नाही.

आताच्या बापांपैकी बहुतेकांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशी आहेत. नोकरी कुठली धरावी हे सांगण्याइतकी त्यांना त्या नोकऱ्यांची माहितीही नसते, आणि ते तसं मोकळेपणाने कबूल करतात. गुजराती शीक असं कोणी सांगत नाही, कारण ती पोरं खेळता खेळता आधी गुजरातीच बोलायला लागतात. आता जेवताना ऐकू येतं ते 'घरात तरी मराठी बोल', आणि हे सांगायला आईची मध्यस्थी लागत नाही. बाप स्वतःच सांगतो, अर्ध्या वाक्यात गुजरातीतलं 'चाल ने' म्हणत.