मोहाला लागत नाही, बार्लीला लागतं: ऑल-इन-वन ब्रुइंग यंत्राची पार्श्वभूमी

मोहफुलाचा सडवा घालायला यंत्र लागत नाही, थर्मामीटरही लागत नाही. मार्च-एप्रिलात पहाटे वेचून वाळवलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. फुलं पाण्यात भिजली की त्यांच्यावरचं आणि मडक्यातलं यीस्ट, म्हणजे साखरेची दारू करणारी सूक्ष्म बुरशी, आपणहून कामाला लागतं. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बीअरचं विजेवरचं यंत्र का जन्माला आलं हे समजायला सुरुवात इथूनच केलेली बरी. बार्लीत साखर नगण्य, स्टार्च भरपूर. आणि बीअरच्या यीस्टला स्टार्च पचत नाही.

स्टार्चची साखर करतात ती माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीतली, दोन एन्झाइम (पाचक द्रव्यं). बीटा-अमायलेज साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला उत्तम चालतं, अल्फा-अमायलेज 68 ते 72 ला. तापमान 70 च्या वर गेलं की बीटा काही मिनिटांत निकामी होतं आणि बीअर गोडसर, जड राहते. म्हणून भरडलेला माल्ट 65-67 अंशांच्या पाण्यात तासभर धरून ठेवतात. त्याला मॅश म्हणतात. चुलीवर किंवा गॅसवर ते दोन अंश तासभर सांभाळणं किती कठीण, हे ज्यानं खवा आटवला त्याला सांगावं लागू नये.

घरगुती ब्रुइंगला ब्रिटनमध्ये 1880 पासून परवाना लागायचा; तो 1963 मध्ये रद्द झाला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1978 मध्ये सही केली आणि 1979 पासून घरी बीअर करणं संघराज्याच्या कायद्यानं मोकळं झालं. त्यानंतर हौशी लोकांची साधनं झपाट्यानं सुधारली. ब्रिटनमध्ये प्लास्टिकच्या बादलीत किटलीचं एलिमेंट बसवलेले ब्रुहीटसारखे बॉयलर आले. अमेरिकेत रॉडनी मॉरिस यांनी 1988 मध्ये मॅशमधलं पाणी पंपानं फिरवून वाटेत विजेवर तापवण्याची रचना प्रसिद्ध केली. पाणी सतत फिरत राहिलं की पूर्ण थराचं तापमान एकसारखं राहतं. आजच्या बहुतेक यंत्रांचा गाभा हाच आहे.

तरीही अमेरिकेत गॅसची शेगडीच चालत राहिली, कारण तिथल्या 120 व्होल्टच्या साध्या सॉकेटमधून जेमतेम दीड हजार वॉट मिळतात. युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये 230 व्होल्ट. तिथे हे काम एका प्लगवर भागतं. म्हणून एकाच भांड्यात सगळं करणारी यंत्रं तिकडेच वाढली. जर्मनीत टाक्या बनवणाऱ्या श्पायडेल कंपनीचं ब्राउमायस्टर आधी आलं, 2014 च्या सुमारास न्यूझीलंडचं ग्रेनफादर, मग ऑस्ट्रेलियातलं रोबोब्रू, जे पुढे ब्रूझिला झालं. ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी त्याआधीच कापडी पिशवीत माल्ट ठेवून एकाच पातेल्यात मॅश आणि त्यानंतरची अर्काची उकळी करायची रीत रुळवली होती. पिशवीच्या जागी जाळीच्या बुडाचं स्टीलचं नळकांडं आलं इतकंच.

आपल्याकडेही 230 व्होल्ट आहेत, पण कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 65 नुसार विनापरवाना दारू बनवणं गुन्हा आहे, आणि त्या हेतूनं साधन बाळगणंही. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून, गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 ते 2021 होती. तेव्हा विदर्भातल्या गावात हे यंत्र सरळपणे वापरायचं तर यीस्ट घालण्याआधी थांबणाऱ्या कामासाठी: माल्टचा गोड अर्क काढायला. बीअर हवी असेल तर आधी परवाना.

नुसता अर्क हवा असो की बीअर, अर्क काढण्यापर्यंतचं काम सारखंच. साधारण 23 लिटरच्या खेपेला 5 किलो माल्ट, मॅशला 17 लिटर पाणी, नंतर नळकांडं उचलून वरून 75 अंशांचं 15 लिटर पाणी हळूहळू सोडायचं. काही पाणी चोथ्यात राहतं, काही उकळीत उडतं. बुडाखालचं एलिमेंट साधारण 2400 वॉटचं असतं, म्हणजे 10 अँपिअर. 16 अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग हवंच. शेतातल्या पंपाच्या मीटरवर इतर कामं भागतात म्हणून तिथूनच वायर ओढू नये.

खरी अडचण व्होल्टेजची. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 240 व्होल्टला 2400 वॉट देणारं एलिमेंट 180 व्होल्टला फक्त 1350 वॉट देतं. 17 लिटर पाणी 30 अंशांवरून 67 वर न्यायला 18 मिनिटं लागायची, तिथे 32 लागतात. तेवढं चालेल, पण पुढे 27 लिटरची उकळी नुसती थरथरते, खळखळत नाही. मग माल्टमधला नकोसा वास उडून जात नाही आणि उकडलेल्या मक्यासारखा दर्प मागे राहतो. झाकण थोडं उघडं ठेवावं, भांड्याभोवती गोणपाट गुंडाळावं, आणि शेतातले पंप चालू नसतील ती वेळ निवडावी. मॅश चालू असताना वीज गेली तर घाबरू नये: झाकण लावून गोणपाट घातलं तर अर्ध्या तासात दोन-तीन अंशच उतरतात.

दुसरी चूक गिरणीवर होते. पिठाच्या चक्कीतून माल्ट दळून आणला की टरफलांचा भुगा होतो, गाळणीचा थर चिखलासारखा बसतो, पाणी खाली झिरपत नाही. खालचा द्रव आटला तरी पंप खेचतच राहतो. बुडाशी उतरलेलं पीठ एलिमेंटवर करपतं, जास्त तापल्यावर वीज तोडणारा आतला कटऑफ पडतो, आणि यंत्र बंद झालं म्हणून लोक हैराण होतात; बहुतेक यंत्रांत रिसेटचं बटण बुडाखाली असतं. प्लग काढावा, यंत्र रिकामं करून करप घासावी, मगच ते दाबावं. माल्ट दोन रोलरच्या मशीनवर, साधारण 1 ते 1.2 मिलिमीटर फटीतून भरडावा: दाणा फुटावा, टरफल अखंड राहावं. तरीही थर बसत असेल तर धानाचं तूस माल्टच्या वीसाव्या भागाइतकं धुऊन मिसळावं. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलबाहेर त्याचे ढीग असतात.

पाण्याकडे मात्र फार कमी लोक बघतात. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं आणि क्षारधर्मी. मॅशचा पीएच (आम्लतेचं माप) 5.2 ते 5.6 हवा, तो त्याच्या वर चढतो, एन्झाइम मंदावतात, टरफलांचा तुरटपणा उतरतो. तिथे आरओचे 20 लिटरचे जार घ्यावेत. परवान्याखाली बीअर करणाऱ्याला मे महिन्यात आणखी एक संकट: उकळलेला अर्क निववणारा कूलर 30 अंशांच्या पाण्यावर चालत असेल तर अर्क 30 च्या खाली नेऊच शकत नाही, आणि साध्या एल (एका प्रकारची बीअर) यीस्टला 18-20 अंश हवे. त्यामुळे बर्फाच्या टाकीतून पाणी फिरवावं लागतं.

ज्वारी आपली म्हणून तिचा माल्ट थेट नळकांड्यात घालू नये. तिचा स्टार्च 70 अंशांच्या आसपास आणि त्यापुढे फुलतो, म्हणजे एन्झाइम मरत असताना. आधी 45-50 अंशांच्या पाण्यात भिजवून वरचं निवळ पाणी वेगळं काढून ठेवावं, खालचा लगदा वेगळ्या गंजात शिजवावा, 65 पर्यंत निववावा आणि मग ते निवळ पाणी परत मिसळावं. मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबांत आणि मुळांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून वाळवल्यावर ते चोळून, पाखडून काढायलाच हवेत. आणि ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसल्यानं तूस इथे दुप्पट लागतं.