पार्श्वभूमी : अमेरिकेतील छोट्या वीजसंस्था आणि सायबर सुरक्षेचे अनुदान

अमेरिकेत १५ नोव्हेंबर २०२१ रोजी पायाभूत सुविधांचा जो मोठा कायदा झाला, त्याच्या कलम ४०१२४ नुसार ग्रामीण आणि नगरपालिकांच्या वीजसंस्थांना सायबर सुरक्षेसाठी पाच आर्थिक वर्षांत मिळून २५ कोटी डॉलर देण्याचे ठरले. सुरक्षेवरचा खर्च ज्याचा त्याने करावा असे मानणाऱ्या क्षेत्रात सरकारी पैसा का आला, याचे उत्तर बरेच जुने आहे.

१९३५ च्या सुमारास तिथल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती, कारण विरळ वस्तीपर्यंत तारा ओढणे खासगी कंपन्यांना परवडत नव्हते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या वर्षी ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केले, पुढच्या वर्षी कायदा झाला, आणि सरकारी कर्जावर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. (श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था याच नमुन्याच्या भारतीय प्रयोगांपैकी एक.) आज अशा सुमारे नऊशे संस्था आहेत, तर नगरपालिका आणि अन्य सार्वजनिक मालकीच्या संस्था दोन हजारांच्या आसपास. सहकारी संस्थेच्या वाट्याला तारेच्या एका मैलामागे सरासरी आठच ग्राहक येतात. त्यामुळे खांब, तारा आणि माणसे सांभाळून संगणक-सुरक्षेसाठी वेगळा कर्मचारी ठेवणे अनेकींना आजही जमत नाही.

नियमनाचा रोख मात्र दुसरीकडे होता. ऑगस्ट २००३ मध्ये ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या काही भागात सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेल्यानंतर २००५ च्या ऊर्जा कायद्याने ग्रिडच्या विश्वसनीयतेचे नियम बंधनकारक केले आणि २००८ मध्ये सायबर सुरक्षेच्या सक्तीच्या मानकांना मंजुरी मिळाली. पण ही मानके उच्चदाब पारेषण (म्हणजे वीज दूरवर नेणाऱ्या मोठ्या तारांचे जाळे) आणि मोठ्या वीजनिर्मितीसाठी होती. घरोघरी वीज पोहोचवणारे वितरण राज्यांच्या अखत्यारीत राहिले, आणि बहुतेक छोट्या संस्था या सक्तीबाहेर राहिल्या.

ही विभागणी किती फसवी आहे, हे २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये दिसले. हल्लेखोरांनी तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण यंत्रणेत शिरून उपकेंद्रांतील ब्रेकर, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच, दुरून उघडले आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज काही तास गेली. घाव पारेषणावर नव्हे, वितरणावर बसला होता. कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने ब्रेकर चालू केले म्हणून पुरवठा लवकर पूर्ववत झाला.

२०१६ मध्ये अमेरिकी ऊर्जा विभागाने सहकारी आणि सार्वजनिक वीजसंस्थांच्या दोन राष्ट्रीय संघटनांना मिळून दीड कोटी डॉलरपर्यंतचे साहाय्य जाहीर केले. त्यातून प्रशिक्षण आणि स्वयंमूल्यांकनाची साधने तयार झाली, पण हजारो संस्थांपुढे ही रक्कम तुटपुंजीच होती. नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला, म्हणजे कायद्यावर स्वाक्षरी होण्याच्या आदल्याच आठवड्यात, कोलोरॅडोतील डेल्टा-मॉन्ट्रोज या सहकारी वीजसंस्थेवर सायबर हल्ला झाला. वीजपुरवठा सुरळीत राहिला. बिले, दूरध्वनी, ईमेल यांसह अंतर्गत कामकाजाचा सुमारे ९० टक्के भाग मात्र कोलमडला आणि वीसहून अधिक वर्षांची माहिती गेली.

नव्या कार्यक्रमाचे काम ऊर्जा विभागाच्या सायबर सुरक्षा कार्यालयाकडे आले. सहकारी व नगरपालिका संस्थांबरोबर वर्षाला ४० लाख मेगावॉट-तासांपेक्षा कमी वीज विकणाऱ्या खासगी कंपन्याही पात्र ठरल्या आणि ज्यांच्याकडे सुरक्षेची साधने तोकडी आहेत त्यांना प्राधान्य देण्याचे कायद्यातच लिहिले गेले. अर्जात उघड होणारे कच्चे दुवे माहिती अधिकाराच्या कक्षेतून वगळले, हेही शहाणपणाचेच. अडचण अशी की ज्या संस्थेला मदतीची सर्वाधिक गरज, तिच्याकडेच अर्ज लिहायला माणूस नसतो. म्हणून २०२३ मध्ये स्पर्धात्मक बक्षीस योजनेत टप्प्याटप्प्याने रोख रकमेबरोबर तज्ज्ञांचे तांत्रिक साहाय्य जोडले गेले. तरीही स्पर्धा ती स्पर्धाच, आणि तिच्यात बरी तयारी असलेलेच पुढे जाण्याचा धोका उरतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विभागाने सुमारे सात कोटी डॉलरच्या अनुदानासाठी अर्ज मागवले. त्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्समधील लिटलटन या छोट्या गावाच्या नगरपालिका वीज विभागाला एफबीआयने कळवले, की त्यांच्या नेटवर्कमध्ये कोणीतरी शिरले आहे. चीनशी जोडल्या जाणाऱ्या व्होल्ट टायफून या हॅकर गटाचा तिथला वावर तीनशेहून अधिक दिवसांचा असल्याचे तपासात निष्पन्न झाले.