सीटी स्कॅन नॉर्मल, पण डोकं जागेवर नाही

डोक्याला मार लागला की धुळे-जळगावकडे पहिला प्रश्न येतो, ‘सीटी काढला का?’ रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. दोन दिवसांनी तोच पोऱ्या डोकं दुखतंय, उन्हाकडे बघवत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही असं सांगू लागला, तर मात्र तो नाटकं करतोय असं ठरतं.

सीटी स्कॅन शोधतो तो रक्तस्राव आणि मोडलेलं हाड. कन्कशनमध्ये, म्हणजे मार लागून मेंदूचं काम काही काळ बिघडतं त्या दुखापतीत, बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. डोक्याला हिसका बसतो, मेंदूतल्या पेशींचे बारीक तंतू ताणले जातात आणि पेशींतलं पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत अशी उलथापालथ होते. ती निस्तरायला पेशींच्या आवरणातले पंप जास्तीची ऊर्जा ओढतात, आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. कपाशीला पाणी द्यायच्या दिवसांत भारनियमन सुरू व्हावं, तशी गत. ही तूट नेहमीच्या स्कॅनवर उमटत नाही. शुद्ध हरपायलाच हवी असंही नाही. खेळात होणाऱ्या बहुतेक कन्कशनमध्ये ती हरपत नाही.

धुळ्याला एमबीबीएस करणारी माझ्या ओळखीची एक मुलगी हे भेटेल त्याला सांगत असते. त्याआधी ती धडगावकडच्या पाड्यांवर औषधं पोचवणाऱ्या एका गटात होती. तिथल्याच घाटात मोटारसायकलवरून पडली. स्कॅन नॉर्मल, पण नंतर पुस्तकातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची वेळ आली. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला मिळाला, तो तिने इमानदारीने पाळला आणि आणखी मरगळली. आता तिचा सगळा रोख त्या सल्ल्यावर आहे.

रोख बरोबर आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्या मुलांना, एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हळूहळू कामाला लागलेल्या मुलांपेक्षा जास्त त्रास झाला. खेळातल्या कन्कशनवर ॲमस्टरडॅमला झालेल्या परिषदेनंतर २०२३ मध्ये आलेल्या तज्ज्ञांच्या निवेदनातही तेच आहे: पहिले २४ ते ४८ तास घरातल्या घरात बेतानं, मग चालणं, मग हळूहळू वाढ. त्रास थोडा वाढून तासाभरात ओसरला तर चालतं. त्याहून वाढला की थांबायचं. मोबाइल बंद ठेवायचा सल्ला मात्र खरा आहे. २०२१ च्या एका अभ्यासात पहिले ४८ तास स्क्रीन बंद ठेवणाऱ्यांची लक्षणं साधारण साडेतीन दिवसांत गेली, इतरांना आठ दिवस लागले. बहुतेक प्रौढ दोनेक आठवड्यांत सावरतात, मुलांना महिनाभरही लागतो.

कबड्डीच्या पोरांना ती एकच गोष्ट दटावून सांगते: मार लागला की त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही. मेंदू सावरलेला नसताना दुसरा फटका बसला तर दुखणं लांबतं आणि क्वचित जिवावर बेततं. रात्रभर जागं ठेवायची चाल इकडे अजून आहे. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्यावं, झोप गरजेचीच असते. पण वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, बोबडी वळणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, उठवूनही नीट जागं न होणं, यातलं काही दिसलं तर स्कॅन आधी नॉर्मल आला होता म्हणून थांबू नये. १०८ ला फोन करावा.

अडतं ते मजुरीपाशी. रावेर-यावलकडे केळीचे घड डोक्या-खांद्यावर वाहणाऱ्या माणसाला ‘हळूहळू वाढवा’ सांगून काय उपयोग? दिवस बुडाला की रोज बुडाला. म्हणून ती मुकादमाशीच बोलते: आठवडाभर याला घड उचलायला लावू नका, सावलीत बसून खोकी भरू द्या. काही ऐकतात, काही दुसरा माणूस आणतात.